अपंगत्व निवृत्तिवेतनाची थकबाकी (भारतीय सशस्त्र दले)

अपंगत्व निवृत्तिवेतनाची थकबाकी म्हणजे भारतीय भूदल, नौदल किंवा वायुदलातून बाहेर पडलेल्या सैनिकाला देय असूनही वेळेवर न मिळालेली अपंगत्व निवृत्तिवेतनाची किंवा त्यातील फरकाची मागील काळाची एकत्रित रक्कम होय. सैनिकांच्या बोलण्यात हिला सरसकट ‘डिसॅबिलिटीचा एरिअर’ म्हणतात. अपंगत्व सेवेशी संबंधित नाही असे ठरवून दावा आधी फेटाळला गेला आणि पुढे अपिलात किंवा न्यायाधिकरणात मंजूर झाला, तर अशी थकबाकी निर्माण होते. मंजूर झालेली टक्केवारी नंतर वाढली किंवा दर मागील तारखेपासून सुधारले गेले, तरीही ती निर्माण होते. थकबाकीचा आकडा शरीराला झालेल्या इजेच्या प्रमाणावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो हिशोब कोणत्या तारखेपासून सुरू करायचा यावर अवलंबून असतो. या विषयावरील न्यायालयीन वाद बहुतांशी याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले आहेत.

पात्रता

भूदलाच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ व्या विनियमानुसार अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दोन अटी आहेत. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असावे. नौदल आणि वायुदलाच्या विनियमांतही अशाच तरतुदी आहेत. दोन्ही बाबींवर पहिला अभिप्राय वैद्यकीय मंडळ देते. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यासाठी हे मंडळ निवृत्तीपूर्वी बसते. त्याला जवान ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ म्हणतात. सेवेस अयोग्य ठरवून मुदतीपूर्वी घरी पाठवायच्या सैनिकासाठी वेगळे मंडळ बसते. मंडळाचे इतिवृत्त ठरावीक नमुन्यात, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या प्रपत्रात, नोंदवले जाते. पुढच्या सर्व वादात हा कागद मुख्य पुरावा ठरतो.

टक्केवारीपेक्षा पहिल्या अटीवर दावे अधिक अडतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पाठीच्या मणक्यांचे विकार, अपस्मार, मानसिक आजार अशा व्याधींच्या बाबतीत मंडळ पुष्कळदा ‘सेवेमुळे उद्भवलेले नाही व बळावलेलेही नाही’ असा शेरा मारते. शेऱ्यापुढे कारणाच्या रकान्यात ‘शरीरप्रकृतीजन्य विकार’ एवढेच शब्द असतात. गोळी लागून पाय गेला तर संबंध उघड असतो. उंच पर्वतीय ठाण्यावर दोन वर्षे काढल्यानंतर जडलेल्या रक्तदाबाचा संबंध मात्र कागदावर सिद्ध करावा लागतो.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर १९८२ च्या पात्रता नियमांतच होते. पाचव्या नियमानुसार भरतीच्या वेळी कोणताही आजार नोंदलेला नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरले जाते. नवव्या नियमानुसार पुरावा देण्याचा भार दावेदारावर नसतो आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला मिळतो. प्रत्यक्ष व्यवहारात हे नियम बराच काळ दुर्लक्षित राहिले. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन त्यांना पुन्हा बळ दिले. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्स दलात भरती झाले होते. अपस्माराच्या झटक्यांमुळे २० टक्के कायम अपंगत्व ठरवून त्यांना १ एप्रिल १९९४ पासून सेवेतून कमी करण्यात आले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसताना वैद्यकीय मंडळ कारणे न देता सेवेचा संबंध नाकारू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर न्यायाधिकरणांपुढे आलेल्या असंख्य अर्जांत या निकालाचा आधार घेतला गेला. तथापि प्रत्येक आजाराला तो आपोआप लागू होत नाही. नरसिंग यादव प्रकरणात २०१९ साली याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा दावा फेटाळला आणि असा विकार भरतीच्या सर्वसाधारण तपासणीत दिसून येईलच असे नाही, याकडे लक्ष वेधले.

घटक आणि दर

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन घटक असतात. सेवा घटक सेवेच्या मोबदल्यात मिळतो आणि अपंगत्व घटक इजेच्या किंवा आजाराच्या प्रमाणात मिळतो. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाला सेवा निवृत्तिवेतन आधीपासून मिळत असते. त्यामुळे त्याच्या बाबतीत थकबाकीचा हिशोब केवळ अपंगत्व घटकाचा असतो. मुदतीपूर्वी अपंगत्वामुळे घरी पाठवलेल्या आणि सर्वच नाकारल्या गेलेल्या जवानाच्या बाबतीत दोन्ही घटक हिशोबात येतात.

अपंगत्व घटकाचा दर काळानुसार बदलत गेला आहे. दीर्घ काळाच्या थकबाकीचा हिशोब त्यामुळे सलग करता येत नाही, टप्प्याटप्प्याने करावा लागतो. १ जानेवारी १९९६ पासून १०० टक्के अपंगत्वासाठी दरमहा ठरावीक रकमा होत्या. कमिशन्ड अधिकाऱ्याला २,६०० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या जेसीओ श्रेणीला १,९०० रुपये आणि शिपाई ते हवालदार या हुद्द्यांना १,५५० रुपये मिळत. कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी रक्कम होती. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, ठरावीक रकमेची पद्धत गेली. १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के असा दर आला. सातव्या आयोगाने पुन्हा ठरावीक रकमांची शिफारस केली होती. अधिकाऱ्याला २७,०००, जेसीओला १७,००० आणि जवानाला १२,००० असे ते आकडे होते. सैन्यदलांनी त्याला विरोध केल्यावर सरकारने टक्केवारीचीच पद्धत पुढे चालू ठेवली. दोन्ही पद्धतींना आपापली अडचण आहे. वेतनाच्या प्रमाणात रक्कम दिली, तर गुडघ्याच्या एकाच इजेचे मोल हुद्द्यागणिक बदलते. ठरावीक रकमेतही हुद्द्यांचा भेद १९९६ पासून होताच, फक्त तो लहान होता.

जुन्या निवृत्तांच्या रकमा प्रत्येक आयोगानंतर स्वतंत्र आदेशांनी सुधारल्या जातात. १ जानेवारी २०१६ रोजी पहिली सुधारणा जुन्या रकमेला २.५७ ने गुणून झाली. ३१ डिसेंबर २०१५ रोजी ज्याचा अपंगत्व घटक ३,००० रुपये होता, त्याचा दुसऱ्या दिवशीपासूनचा घटक ७,७१० रुपये झाला. थकबाकीच्या कालावधीत १ जानेवारी २०१६ ही तारीख येत असेल, तर त्या आधीचा आणि नंतरचा हिशोब वेगळा करावा लागतो. महागाई भत्त्याची टक्केवारीही त्या दिवशी शून्यापासून नव्याने सुरू झाली, हे विसरल्यास रक्कम भलतीच फुगते.

युद्धातील किंवा युद्धसदृश कारवाईतील इजेसाठी वेगळे ‘युद्धइजा निवृत्तिवेतन’ असून त्याचे दर बरेच जास्त आहेत. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशानुसार अशा इजेमुळे सेवेतून कमी केलेल्यास १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या हिशेबी वेतनाइतका घटक ठरवण्यात आला. सेवेत ठेवून पुढे निवृत्त झालेल्यास तो त्याच्या ६० टक्के ठरला. या लेखातील पुढील हिशोब सर्वसाधारण अपंगत्व घटकाचा आहे.

टक्केवारी वरच्या टप्प्यात नेणे

पाचव्या वेतन आयोगानंतर संरक्षण मंत्रालयाने काढलेल्या ३१ जानेवारी २००१ च्या याच आदेशाने १ जानेवारी १९९६ पासून ‘ब्रॉडबँडिंग’ नावाची सवलत लागू केली. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व हिशोबासाठी ५० टक्के धरायचे, ५० ते ७५ टक्के असल्यास ७५ धरायचे आणि ७६ ते १०० टक्के असल्यास १०० धरायचे, असा तिचा नियम आहे. वैद्यकीय मंडळांच्या अंदाजात पाचदहा टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि त्या फरकापायी सैनिकाचे आयुष्यभराचे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू. टप्प्यांच्या कडेवर मात्र नियम विचित्र वागतो. ४९ टक्के अपंगत्वाचे ५० होतात आणि ५० चे थेट ७५.

आदेशातील शब्दांनुसार ही सवलत फक्त सेवेस अयोग्य ठरवून मुदतीपूर्वी कमी केलेल्यांना होती. वयोमर्यादा गाठून किंवा कराराची मुदत संपवून निवृत्त झालेल्या सैनिकाला अपंगत्व घटक मिळे, पण तो प्रत्यक्ष टक्केवारीवर. म्हणजे आजारी असूनही हलक्या कामावर राहून ज्याने सेवा पूर्ण केली, तो तोट्यात जाई. १० डिसेंबर २०१४ रोजी भारत सरकार विरुद्ध राम अवतार या प्रकरणांच्या गटात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. ब्रॉडबँडिंगचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला पाहिजे, असा तो निकाल आहे. देशभर हजारो निवृत्त सैनिकांच्या फरकाच्या थकबाकीचा उगम या एका निकालात आहे.

२० टक्क्यांची किमान अट मात्र कायम आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी असेल, तर त्याला ब्रॉडबँडिंगही मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर एस. पी. राठोर यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. सेवेस अयोग्य ठरवून काढलेल्याची गोष्ट वेगळी आहे. ज्या अपंगत्वामुळे माणसाला नोकरीतूनच कमी करावे लागले, ते २० टक्क्यांहून अधिकच धरले पाहिजे, अशी भूमिका त्याच न्यायालयाने सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली घेतली होती.

एकाहून अधिक आजार असल्यास त्यांच्या टक्केवारींची साधी बेरीज केली जात नाही. मंडळ एकत्रित टक्केवारी वेगळी ठरवते आणि ती सहसा बेरजेहून कमी असते. त्यांपैकी एखादाच आजार सेवेशी संबंधित ठरला, तर हिशोबात त्याचीच टक्केवारी घेतात. ब्रॉडबँडिंग नेहमी या अंतिम आकड्यावर, शेवटच्या पायरीला होते.

किती मागे जायचे

निवृत्तिवेतन दरमहा देय असते. ते नाकारले गेले तर नुकसान एकदाच घडून थांबत नाही, दर महिन्याला नव्याने घडते. म्हणून उशीर झाला या एकाच कारणावरून निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळू नये, असे न्यायालये मानतात. पण उशिरा आलेल्याला सर्व मागील वर्षांची रक्कम द्यावी काय, हा वेगळा प्रश्न आहे. शिव दास विरुद्ध भारत सरकार या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विलंबित दाव्यांत लाभ साधारण तीन वर्षांपुरता ठेवावा, असे सुचवले होते.

१३ ऑगस्ट २००८ चा भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग हा निकाल या विषयात सर्वाधिक उद्धृत होतो. तरसेम सिंग यांना १३ नोव्हेंबर १९८३ रोजी वैद्यकीय कारणावरून सैन्यातून कमी करण्यात आले. त्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली ती १९९९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. एकल न्यायाधीशांनी अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर केले आणि थकबाकी याचिकेपूर्वीच्या ३८ महिन्यांपुरती ठेवली. तरसेम सिंग यांनी अपील केल्यावर खंडपीठाने संपूर्ण सोळा वर्षांची थकबाकी व्याजासह देण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या न्यायालयाने खंडपीठाचा आदेश रद्द करून एकल न्यायाधीशांचा आदेश कायम केला. सलग चालणाऱ्या नुकसानीत दावा उशिरा दाखल झाला तरी चालेल, कारण त्यामुळे तिसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही. थकबाकी मात्र याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरती किंवा मागणीच्या तारखेपासून याचिकेपर्यंतच्या काळापुरती, यांपैकी जे कमी असेल तेवढी द्यावी, हे त्या निकालाचे सूत्र आहे. त्यातील ‘जे कमी असेल’ हा भाग पुढील चर्चेत पुष्कळदा वगळला जातो आणि ‘तीन वर्षांचा नियम’ एवढेच नाव उरते.

या नियमाला सरकारच्या बाजूने सबळ कारण आहे. वीसपंचवीस वर्षांपूर्वीची वैद्यकीय कागदपत्रे नष्ट झालेली असतात आणि सरकारी तिजोरीवरील भार अनिश्चित राहू शकत नाही. सैनिकाच्या बाजूचे कारणही तितकेच सबळ आहे. दावा फेटाळल्याच्या पत्रात त्याला ‘अपात्र’ एवढेच कळवलेले असते. आपण नियमांनुसार पात्र होतो हे गावाकडे शेतीला लागलेल्या माजी शिपायाला समजते ते एखाद्या निकालाची बातमी ऐकल्यावर. राम अवतार निकालानंतरच्या ब्रॉडबँडिंगच्या दाव्यांत हा ताण विशेष दिसला. अपंगत्व सरकारने आधीच मान्य केलेले होते, फक्त टक्केवारी वर न्यायची राहिली होती आणि ती न नेण्याला सरकारचाच नंतर अमान्य झालेला अर्थ कारणीभूत होता. मग तीन वर्षांची मर्यादा का, असा प्रश्न निवृत्तांनी विचारला आणि तो पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ पासूनचा फरक आणि तीन वर्षांचा फरक यांत काही निवृत्तांसाठी कित्येक लाखांचे अंतर पडते.

हिशोबाची रीत

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. त्यातील महागाई भत्त्याचे दर मात्र प्रत्यक्ष जाहीर झालेले आहेत. एक हवालदार ३१ डिसेंबर २०१७ रोजी मुदत पूर्ण करून निवृत्त झाला. लष्करी सेवा वेतन धरून त्याचे शेवटचे हिशेबी वेतन ४०,००० रुपये होते. निवृत्तीपूर्व मंडळाने अपंगत्व ४० टक्के व आयुष्यभरासाठी ठरवले, पण सेवेशी संबंध नाकारला. निवृत्तीनंतर लगेच त्याने केलेला अर्ज फेटाळला गेला. त्याने १ जानेवारी २०२४ रोजी न्यायाधिकरणात अर्ज केला. तो मंजूर झाला आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतची थकबाकी काढायची आहे.

१०० टक्क्यांचा अपंगत्व घटक ४०,००० च्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये होतो. ४० टक्क्यांसाठी ४,८०० रुपये झाले असते. ब्रॉडबँडिंगने ४० चे ५० होतात, म्हणून दरमहा ६,००० रुपये. सहा महिन्यांची मूळ रक्कम ३६,००० रुपये. त्यावर त्या त्या सहामाहीचा महागाई भत्ता मिळवायचा. तीन वर्षांच्या मर्यादेनुसार हिशोब १ जानेवारी २०२१ पासून सुरू होतो:

| सहामाही | महागाई भत्ता | एकूण रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| जानेवारी–जून २०२१ | १७ टक्के | ४२,१२० |
| जुलै–डिसेंबर २०२१ | ३१ टक्के | ४७,१६० |
| जानेवारी–जून २०२२ | ३४ टक्के | ४८,२४० |
| जुलै–डिसेंबर २०२२ | ३८ टक्के | ४९,६८० |
| जानेवारी–जून २०२३ | ४२ टक्के | ५१,१२० |
| जुलै–डिसेंबर २०२३ | ४६ टक्के | ५२,५६० |
| जानेवारी–जून २०२४ | ५० टक्के | ५४,००० |
| जुलै–डिसेंबर २०२४ | ५३ टक्के | ५५,०८० |

बेरीज ३,९९,९६० रुपये होते. ब्रॉडबँडिंग दिले नसते, तर हीच रक्कम ३,१९,९६८ रुपये झाली असती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ जानेवारी २०१८ पासून हिशोब धरला, तर आणखी सहा सहामाह्या येतात. त्यांचे दर अनुक्रमे ७, ९, १२, १७, १७ आणि १७ टक्के. त्यांची रक्कम २,४४,४४० रुपये आणि एकंदर थकबाकी ६,४४,४०० रुपये. टक्केवारी वरच्या टप्प्यात नेल्याने सुमारे ऐंशी हजारांचा फरक पडला, आरंभाची तारीख बदलल्याने त्याच्या तिपटीहून अधिक.

या दरांत २०२० ते जून २०२१ हा काळ १७ टक्क्यांवर स्थिर दिसतो, कारण करोना साथीत १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ चे हप्ते गोठवण्यात आले होते. पुढे भत्ता वाढला तरी गोठवलेल्या काळाची भरपाई दिली गेली नाही. थकबाकीच्या हिशोबातही ती धरता येत नाही. खासगीरीत्या तयार केलेल्या पुष्कळ तक्त्यांत नेमकी हीच चूक आढळते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आजचा भत्ता संपूर्ण मागील काळाला लावणे. फरकाची थकबाकी असल्यास प्रत्येक महिन्याच्या देय रकमेतून त्याच महिन्यात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम वजा करतात. शेवटी एकरकमी वजाबाकी केल्यास भत्त्याचे प्रमाण चुकते.

वैद्यकीय मूल्यांकनाची मुदत हाही हिशोबाचा भाग आहे. पूर्वी अपंगत्व दोनदोन वर्षांसाठी ठरवून पुन्हा तपासणी होत असे आणि तपासणीत टक्केवारी वीसच्या खाली गेली की अपंगत्व घटक बंद होई. फेब्रुवारी २००१ च्या आदेशाने मूल्यांकन सर्वसाधारणपणे कायमचे मानले जाऊ लागले. मंडळाच्या कागदावर मुदत मर्यादित लिहिलेली असेल, तर त्या मुदतीपलीकडची थकबाकी आपोआप निघत नाही. न्यायाधिकरणे अशा वेळी नवे मंडळ बसवण्याचा आदेश देतात.

दाव्याचा मार्ग

दाव्याची सुरुवात अभिलेख कार्यालयाकडून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आणि तोफखान्याचे नाशिक रोड येथे आहे. दावा फेटाळला गेल्यास पहिले व दुसरे अपील सैन्याच्या अंतर्गत समित्यांकडे करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग खुला होतो. २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून कार्यरत आहे. त्याचे प्रधान पीठ दिल्लीला असून मुंबई पीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात ही राज्ये येतात. निवृत्त सैनिकाला आपल्या राहत्या ठिकाणाच्या पीठाकडे अर्ज करता येतो. सातारा जिल्ह्यातील माजी जवानाचे अभिलेख बेळगावला असले, तरी त्याचे प्रकरण मुंबईत चालू शकते. कागदपत्रे मिळवण्यासाठी आणि अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य होते.

कायद्यानुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडल्यास तो बहुधा मान्य होतो. तरीही पहिली लेखी मागणी केव्हा केली, याचा पुरावा जपणे आवश्यक असते, कारण तरसेम सिंग सूत्रानुसार मागणीची तारीख थकबाकीची मर्यादा ठरवू शकते. पोहोचपावती असलेला साधा अर्जही या कामी पुरतो. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही अबाधित आहे, हे मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट झाले.

सरकारने अपंगत्वाच्या प्रकरणांत सवयीने अपिले करू नयेत, ही मागणी जुनी आहे. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये सेवा व निवृत्तिवेतनविषयक खटल्यांचा आढावा घेण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे खटले कमी करणे हा तिच्या अहवालातील एक प्रमुख विषय होता. त्यानंतरही अपिले होत राहिली.

आदेशानंतर

निकाल हाती आला म्हणजे रक्कम खात्यात आली असे नाही. अभिलेख कार्यालयाने प्रस्ताव पाठवायचा, सरकारी मंजुरी निघायची आणि प्रयागराज येथील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (निवृत्तिवेतन) कार्यालयाने सुधारित निवृत्तिवेतन आदेश काढायचा, असा क्रम असतो. प्रदान आता बहुतेक निवृत्तांना ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून होते. न्यायाधिकरण सामान्यतः तीन किंवा चार महिन्यांची मुदत देते आणि ती टळल्यास व्याज लावते. हा दर अनेक आदेशांत वार्षिक ८ टक्के आढळतो. वरील उदाहरणातील रकमेला मुदतीनंतर सहा महिने उशीर झाल्यास या दराने सुमारे सोळा हजार रुपये व्याज होते. हे व्याज आदेश न पाळल्याबद्दलचे असते. थकबाकी साचल्याबद्दलचे व्याज तरसेम सिंग निकालात नाकारलेले असल्याने ते क्वचितच मिळते. आदेश पाळला गेला नाही तर अंमलबजावणीसाठी न्यायाधिकरणाकडेच पुन्हा अर्ज करता येतो.

प्रकरण चालू असताना सैनिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकबाकी पत्नीला किंवा अन्य वारसांना मिळते. अपंगत्व घटक त्या दिवशी थांबतो. कुटुंब निवृत्तिवेतनाचा हिशोब त्यापुढे स्वतंत्र चालतो.

प्राप्तिकराच्या बाबतीत अपंगत्व निवृत्तिवेतन परंपरेने करमुक्त मानले गेले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने ही सूट केवळ अपंगत्वामुळे सेवेतून कमी केलेल्यांनाच असल्याचे म्हटले आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळले. त्यावरून नवा वाद उभा राहिला. ब्रॉडबँडिंगमध्ये राम अवतार निकालाने पुसलेली रेघ कराच्या निमित्ताने त्याच जागी पुन्हा ओढली गेली, असे निवृत्तांच्या संघटनांचे म्हणणे आहे. एकदम मिळालेल्या थकबाकीवर हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण अनेक वर्षांची रक्कम एकाच वर्षाच्या उत्पन्नात दिसते.

२०२३ चे नियम

संरक्षण मंत्रालयाने पात्रतेचे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू केले. त्यांबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीची मार्गदर्शिकाही बदलली. उच्च रक्तदाबासारख्या आजारांचा सेवेशी संबंध मानण्याच्या कसोट्या त्यात अधिक कडक झाल्याची टीका माजी सैनिकांच्या संघटनांनी केली. खऱ्या जखमींना न्याय मिळावा आणि सवलतीचा गैरवापर टळावा यासाठी बदल आवश्यक होता, अशी सरकारची भूमिका आहे. हे नियम त्या तारखेपूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांना लागू नाहीत. त्यामुळे जुन्या प्रकरणांतील थकबाकीचा हिशोब संबंधित निवृत्तीच्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसारच होतो. सप्टेंबर २०२३ च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन वेगळे वर्ग आता न्यायाधिकरणांपुढे एकाच वेळी येत असतात.